युरेनियमचे शेअर: दोनशे दिवसांची सरासरी आणि दहा वर्षांची अणुभट्टी

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्यांकडे कॅनडाच्या कॅमेको कंपनीचे शेअर आहेत. शिवाय टोरांटोच्या बाजारातल्या दोन लहान युरेनियम कंपन्यांचेही आहेत, ज्यांची खाण अजून कागदावरच आहे. एका ग्रुपात त्यांना सांगितलं गेलं की भावाने गेल्या दोनशे दिवसांच्या भावांची सरासरी खाली तोडली की डोळे झाकून विकायचं. दुसऱ्या ग्रुपात सांगितलं गेलं की अमेरिका, जपान, भारत सगळेच अणुऊर्जेकडे वळलेत, अशा वेळी चार्टवर रेघोट्या मारणं हा पोरखेळ आहे, घ्या आणि विसरून जा. ऐकायचं कोणाचं? आणि भाव पडला तर आणखी घ्यायचे का?

माझ्या मते हे दोन्ही गट एकच चूक करताहेत. पहिला गट कशाचा चार्ट बघतोय ते सांगत नाही, आणि दुसरा गट त्याची बातमी किती मुदतीची आहे ते सांगत नाही. युरेनियमला एकच एक भाव नाही आणि त्याच्या सगळ्या बातम्या एकाच वेगाने चालत नाहीत. एवढं वेगळं केलं तर भांडणासारखं फारसं काही उरत नाही.

उत्तर कशावर अवलंबून आहे तेही आधीच सांगतो. हे पैसे पुढच्या दोन-तीन वर्षांत घरासाठी किंवा मुलांच्या फीसाठी लागणार असतील, तर चार्ट आणि राजकारण दोन्ही बाजूला ठेवा आणि लहान कंपन्यांतून बाहेर पडा. या क्षेत्रात भाव निम्म्यावर येणं हा अपघात नाही, नेहमीचा कार्यक्रम आहे. ऑस्ट्रेलियाची पॅलाडिन कंपनी २००७ च्या तेजीत दहा डॉलरच्या आसपास होती, आणि त्याच कंपनीला जुलै २०१७ मध्ये प्रशासकाच्या हवाली व्हावं लागलं. दहा वर्षं ‘घेऊन विसरून गेलेल्यांचं’ काय झालं ते यावरून कळेल. पुढचं सगळं ज्यांचे पैसे थांबू शकतात आणि ज्यांना थांबण्याची किंमत ठाऊक आहे, अशांसाठी.

आता भाव. सोनं किंवा तांब्याचा भाव एक्स्चेंजवर मिनिटामिनिटाला ठरतो. युरेनियमचं तसं नाही. खाणीतून जे विकलं जातं ती पिवळी भुकटी, यलोकेक, आणि तिचा भाव बोलला जातो पौंडाला इतके डॉलर असा. हजर भाव, म्हणजे स्पॉट, साधारण एक लाख पौंडांच्या लॉटचा मानला जातो. सौदे दलालांमार्फत होतात आणि काही दिवस तर एकही सौदा होत नाही. यूएक्ससी आणि ट्रेडटेक या दोन संस्था बाजारात चौकशी करून तो भाव जाहीर करतात. शिकागोच्या सीएमईवर २००७ पासून २५० पौंडांचा वायदा आहे खरा, पण त्यात उलाढाल फारशी होत नाही. अशा भावावर आरएसआय हा भावाच्या वेगाचा आकडा लावून ‘ओव्हरसोल्ड’, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पडलंय, म्हणणं म्हणजे वर्षातून चार व्यवहार झालेल्या गल्लीतल्या फ्लॅटच्या दरावर कँडलचा चार्ट काढण्यासारखं आहे.

वीज कंपन्यांची बहुतेक खरेदी हजर बाजारात होतच नाही. त्या करार करतात, आणि कराराचा माल दोन-तीन वर्षांनी सुरू होऊन पुढे कित्येक वर्षं येत राहतो. कारण यलोकेक उचलून भट्टीत घालता येत नाही. आधी त्याचं युरेनियम हेक्झाफ्लोराइडमध्ये रूपांतर, मग समृद्धीकरण (त्यातला जळणारा भाग वाढवणं), मग गोळ्या, मग सळ्या, आणि तेव्हा कुठे इंधन भट्टीपर्यंत पोचतं. म्हणून करार भाव, म्हणजे टर्म, हा वेगळा आकडा आहे. तो महिन्यातून एकदा येतो, चार्टवाल्यांना कंटाळवाणा वाटतो आणि खाण सुरू करायची की नाही हे तोच ठरवतो.

जवळून बघा. जानेवारी २०२४ मध्ये हजर भाव १०० डॉलरच्या वर गेला. मार्च २०२५ मध्ये तो ६४ च्या आसपास होता. चार्टवर बघितलं तर तेजी मोडली, खांदे पडले, सगळं झालं. त्याच काळात करार भाव मात्र ७५ च्या खालून ८० च्या घरात चढला. म्हणजे एकाच मालाचा एक चार्ट कोसळत होता आणि दुसरा हळूहळू वर जात होता. हजर बाजारात त्या वेळी फंड आणि व्यापारी माल काढत होते, आणि वीज कंपन्या घाई न करता लांब मुदतीचे करार करत होत्या. ‘युरेनियम पडलं’ असं कोणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, कोणतं? दोन्ही भावांची महिनाअखेरची सरासरी कॅमेकोच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. ती एका वहीत किंवा शीटमध्ये दर महिन्याला उतरवून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि निम्म्या यूट्यूब चॅनलांपेक्षा उपयोगी आहे.

तिसरा भाव म्हणजे कंपनीच्या हातात प्रत्यक्ष पडणारा. २०२४ मध्ये हजर भावाची सरासरी ८० डॉलरच्या वर होती, आणि कॅमेकोला पौंडामागे सरासरी ५८ डॉलरच्या आसपास मिळाले. लबाडी काही नाही. जुने करार काही ठरावीक दराला महागाई जोडून, तर काही बाजारभावाला कमाल-किमान मर्यादा लावून केलेले असतात. कंपनीच्या तिमाही अहवालात एक तक्ता असतो: हजर भाव २०, ४०, ६० पासून १४० डॉलरपर्यंत गेला तर पुढच्या काही वर्षांत कंपनीला सरासरी किती मिळेल. कॅमेको धरून बसलेल्या माणसाने बाकी काही वाचलं नाही तरी हा तक्ता वाचावा. भाव दुप्पट झाला म्हणून नफा लगेच दुप्पट होत नाही, आणि भाव निम्मा झाला म्हणून कंपनी लगेच बुडतही नाही. लहान कंपन्यांकडे असे करार नसतात, म्हणून त्या दोन्ही दिशांना जास्त उडतात.

आता बातम्यांच्या मुदतीकडे. मी बातमी आली की ती आधी तीन कप्प्यांपैकी एकात टाकतो: दिवसांची, महिन्यांची, वर्षांची.

दिवसांच्या बातम्या पैशाच्या ओघाच्या असतात. २७ जानेवारी २०२५ ला चीनच्या डीपसीक या एआय मॉडेलमुळे ‘एआयला एवढी वीज लागणारच नाही’ अशी भीती पसरली आणि एका दिवसात कॅमेको सुमारे १५ टक्के पडला. त्या दिवशी जगातली एकही अणुभट्टी बंद झाली नव्हती, एकाही कराराचा पौंड कमी झाला नव्हता, आणि हजर भावाची हालचाल त्या मानाने किरकोळ होती. उलट दिशेचं उदाहरण २८ ऑक्टोबर २०२५ चं. अमेरिकी सरकारने वेस्टिंगहाउसबरोबर किमान ८० अब्ज डॉलरच्या अणुभट्ट्यांची भागीदारी जाहीर केली आणि कॅमेको एका दिवसात २० टक्क्यांहून अधिक उडाला. का? कॅमेकोकडे नोव्हेंबर २०२३ पासून वेस्टिंगहाउसचा ४९ टक्के हिस्सा आहे. म्हणजे कॅमेकोचा चार्ट हा निव्वळ युरेनियमचा चार्ट राहिलेला नाही, त्यात भट्ट्या बांधणाऱ्या कंपनीचा धंदा मिसळला आहे. तुमच्या दोन लहान कंपन्यांना हा फायदा नाही, तरी त्या दिवशी सगळा कळपच वर जातो. कळपाबरोबर चढलेला भाव कळपाबरोबरच उतरतो.

या कप्प्यात स्प्रॉट फिजिकल युरेनियम ट्रस्टही येतो. जुलै २०२१ पासून हा ट्रस्ट यलोकेक विकत घेऊन साठवतो. त्याचं युनिट साठ्याच्या मूल्यापेक्षा महाग विकलं जात असेल तर तो नवी युनिटं काढतो आणि त्या पैशाने हजर बाजारातून माल उचलतो. युनिट स्वस्त असेल तर ही खरेदी थांबते. मूल्य आणि भाव यांतला फरक रोज जाहीर होतो. युनिट आठवडेच्या आठवडे साठ्याच्या मूल्यापेक्षा स्वस्त राहिलं, तर हजर भावाला आधार देणारा एक मोठा गिऱ्हाईक दुकानात नाही असं समजा.

महिन्यांच्या बातम्या पुरवठ्याच्या असतात, आणि माझ्या लेखी युरेनियममध्ये खऱ्या पैशाच्या बातम्या याच. जगातलं सुमारे ४० टक्के युरेनियम एकट्या कझाकस्तानातून येतं. तिथे खाण म्हणजे खड्डा नाही. जमिनीत सल्फ्युरिक आम्ल सोडून युरेनियम विरघळवतात आणि द्रावण वर उपसतात. आम्ल कमी पडलं की उत्पादन कमी. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या सरकारी खाण कंपनीने, काझअ‍ॅटमप्रॉमने २०२५ चा अंदाज ३०,५०० ते ३१,५०० टनांवरून २५,००० ते २६,५०० टनांवर आणला, तो आम्लाची टंचाई आणि नव्या खाणपट्ट्यांतली रखडलेली बांधकामं यांमुळे. एक टन युरेनियम म्हणजे सुमारे २,६०० पौंड यलोकेक. म्हणजे एका पत्रकाने सव्वा कोटीहून जास्त पौंड हिशेबातून गेले. मात्र ‘हिशेबातून गेले’ याचा अर्थ ‘उद्या भाव वाढला’ असा नाही. खाणवाल्याकडे आणि वीज कंपनीकडे साठा असतो, तो उतरायला महिने जातात. इथे धीर सुटलेली माणसं बातमीनंतर तीन आठवड्यांनी कंटाळून विकतात.

नायजरचं प्रकरणही याच कप्प्यातलं. २६ जुलै २०२३ ला तिथे लष्कराने सत्ता घेतली, २०२४ मध्ये इमूरारेन या युरेनियम साठ्याचा परवाना काढून घेतला गेला, आणि जून २०२५ मध्ये फ्रेंच कंपनी ओरानोची सोमाइर खाण सरकारजमा झाली. यात शेअरवाल्याने दोन गोष्टी वेगळ्या बघायच्या. जगाचा पुरवठा घटला, हे कॅनडातल्या खाणीला चांगलं. पण ज्या लहान कंपनीचा मुख्य खाणपट्टा नायजरमध्ये होता तिच्यासाठी हीच बातमी जिवावर बेतणारी. २०२४ मध्येच गोव्हीएक्स या कंपनीने मादाउएला खाणपट्ट्याचा परवाना असाच गमावला. म्हणून लहान कंपनीच्या कागदपत्रांत आधी देश बघायचा आणि मग धातूचं प्रमाण.

वर्षांच्या बातम्या धोरणाच्या. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत वीसहून अधिक देशांनी २०५० पर्यंत अणुऊर्जा तिप्पट करण्याची घोषणा केली. २३ मे २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी चार आदेशांवर सह्या केल्या, उद्दिष्ट १०० गिगावॅटवरून २०५० पर्यंत ४०० गिगावॅट. भारताने २०४७ पर्यंत १०० गिगावॅट म्हटलंय. या सगळ्याला शेअर बाजार एका दिवसात प्रतिसाद देतो, आणि प्रत्यक्ष यलोकेकची मागणी यायला दहा वर्षं लागतात. जॉर्जियातल्या व्होग्टल प्रकल्पाच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीचं बांधकाम २०१३ मध्ये सुरू झालं, वीज आली २०२३ आणि २०२४ मध्ये. आपल्याला तर लांब जायलाच नको. जैतापूरच्या सहा भट्ट्या, ९,९०० मेगावॅट, यांच्या कराराच्या मथळ्यांना २०१० पासून सुरुवात झाली, आणि माडबनच्या सड्यावर अजून भट्टीचं काँक्रीट पडलेलं नाही. जैतापूरची एकेक बातमी वाचून कोणी युरेनियम घेतलं असतं तर त्याचं काय झालं असतं ते भाव सांगतात: फेब्रुवारी २०११ मध्ये ७० डॉलरच्या वर, २०१६ च्या शेवटी १८ च्या आसपास.

इथे एक तिढा आहे, आणि ‘राजकारण आपल्या बाजूने आहे’ म्हणणारे तो विसरतात. भट्टी बांधायला दहा वर्षं, बंद करायला एक सही पुरते. ११ मार्च २०११ च्या फुकुशिमानंतर जर्मनीने काही दिवसांत जुन्या भट्ट्या थांबवल्या आणि जपानचा सगळा ताफा हळूहळू बंद पडला. चांगलं धोरण संथ आहे आणि वाईट धोरण, किंवा अपघात, तत्काळ आहे. म्हणून धोरणाच्या बळावर मोठी पोझिशन घेता येत नाही. दहा वर्षांच्या कारणाला एका रात्रीची जोखीम चिकटलेली असते.

एक बातमी अशी होती की तिच्यावर दोन्ही गट घसरले. मे २०२४ मध्ये अमेरिकेने रशियन समृद्ध युरेनियमच्या आयातीवर बंदीचा कायदा केला, २०२७ अखेरपर्यंत सवलतींसह. नोव्हेंबर २०२४ मध्ये रशियाने उलट निर्यातीवर निर्बंध घातले. लोकांनी लगेच खाणींचे शेअर घेतले. पण बंदी समृद्ध युरेनियमवर आहे, यलोकेकवर नाही. पहिला ताण समृद्धीकरणाच्या कारखान्यांवर येतो, खाणींवर आडवाटेने. ती आडवाट अशी: ४.५ टक्क्यांचं एक किलो समृद्ध युरेनियम करताना उरलेल्या चोथ्यात ०.२५ टक्के यू-२३५ (तोच जळणारा भाग) सोडून दिलं, तर सुमारे ९.२ किलो नैसर्गिक युरेनियम लागतं. तोच चोथा ०.१५ टक्क्यांपर्यंत पिळला तर ७.७५ किलोत भागतं. समृद्धीकरणाची क्षमता मुबलक असताना कारखाने चोथा पिळतात आणि खाणीच्या मालाची गरज कमी होते. क्षमता कमी पडली की पिळायला वेळ नसतो आणि तेवढ्याच इंधनाला जवळजवळ पाचव्या हिश्श्याने जास्त यलोकेक लागतं. म्हणजे बातमी खाणींना चांगलीच, पण ती आकड्यांत उतरते नव्या करारांत, दोन-तीन वर्षांत. त्या दिवशीच्या कँडलमध्ये ती नसते.

मग चार्ट कशासाठी? मी तो तीन कामांना वापरतो: किती घ्यायचं, कुठे चुकलो असं मानायचं, आणि आपण बातमीच्या शेपटीला लटकलोय का हे बघायला. पुढचा भाव सांगण्यासाठी नाही. भाव ठरावीक लाटांत चालतो म्हणणाऱ्या एलियट वेव्हवाल्यांशी वाद घालण्यात माझा रस संपलाय. त्यांची पाचवी लाट नेहमी भाव येऊन गेल्यावर सापडते.

दोनशे दिवसांची सरासरी वाईट नाही. फक्त रोज बघितली तर या क्षेत्रात ती करवतीसारखी कापते: सरासरी तुटते, तुम्ही विकता, चार दिवसांनी एक घोषणा होते, भाव १२ टक्के वर, तुम्ही पुन्हा घेता. त्याऐवजी आठवड्याचा चार्ट लावा, लॉग स्केलवर (जिथे दुप्पट होणं नेहमी सारख्याच उंचीचं दिसतं), आणि ४० आठवड्यांची सरासरी घ्या. हिशेब तोच, फक्त निर्णय आठवड्यातून एकदाच. सलग दोन शुक्रवारचे बंद भाव सरासरीखाली आणि सरासरी स्वतःही खाली वळलेली, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच मी तेजी मोडली असं म्हणतो. लॉग स्केलचा आग्रह यासाठी की जो शेअर २० सेंटवरून २ डॉलर झाला, त्याच्या साध्या चार्टवर सुरुवातीची दहा वर्षं सपाट दिसतात आणि शेवटचं वर्ष हिमालयासारखं.

याहून उपयोगी चार्ट म्हणजे गुणोत्तराचा. खाण कंपन्यांचा ईटीएफ (शेअरसारखा विकला जाणारा फंड), समजा यूआरएनएम, भागिले स्प्रॉट ट्रस्टचं युनिट. बहुतेक चार्टच्या साइटवर दोन टिकरांमध्ये (बाजारातल्या छोट्या नावांमध्ये) तिरकी रेघ टाकली की तो निघतो. स्प्रॉटचं युनिट टोरांटोत दोन चलनांत मिळतं. यू.यूएन कॅनेडियन डॉलरमध्ये, यू.यू अमेरिकी डॉलरमध्ये. यूआरएनएमसाठी यू.यूच घ्या, नाहीतर तुम्ही युरेनियम म्हणून कॅनेडियन डॉलरचा चार्ट वाचत बसाल. यूआरएनएमच्या पोटातही काही प्रमाणात प्रत्यक्ष धातू धरणारे फंड आहेत, त्यामुळे गुणोत्तर थोडं बोथट होतं, पण चालतं. गुणोत्तर पडतंय आणि धातू जागेवर आहे, तर पैसा शेअरमधून निघतोय, पौंडांचं काही बिघडलेलं नाही. दोन्ही एकत्र पडताहेत आणि महिनाअखेरचा करार भावही खाली आला, तर तुमचं मूळ गणितच चुकतंय. पहिल्या परिस्थितीत धरून बसणं शहाणपणाचं असू शकतं, दुसरीत नाही.

लहान कंपन्यांच्या चार्टवर मात्र विसंबू नका. तिथे सपोर्ट (भाव जिथे टेकतो ती पातळी) तुटतो तो बहुधा कंपनीने नवे शेअर काढल्यामुळे. कॅनडात ‘बॉट डील’ संध्याकाळी बाजार बंद झाल्यावर जाहीर होतो. ब्रोकर चालू भावापेक्षा कमी दराने सगळे नवे शेअर उचलतात, आणि सोबत बऱ्याचदा अर्धा वॉरंट (पुढे ठरलेल्या दराने शेअर घेण्याचा हक्क) देतात. दुसऱ्या दिवशी भाव त्या दराला जाऊन चिकटतो. चार्टवाला म्हणतो डबल टॉप झाला. झालं एवढंच, की कंपनीची रोकड संपत आली होती. खाजगी वाटपाचे शेअर असतील तर ते सहसा चार महिने विकता येत नाहीत. ती मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण त्या सुमारास वॉरंट हातात ठेवून शेअर विकणारे रांगेत असतात. हे सगळे कागद कॅनडातल्या कंपन्यांची कागदपत्रं जिथे जमा होतात त्या सेडार प्लसवर फुकट बघता येतात. शेअरचं एकत्रीकरण झालंय का तेही तपासा. पॅलाडिनने एप्रिल २०२४ मध्ये दहा शेअरचा एक केला, जुना भाव न बदललेल्या चार्टवर तो दहापट उडी मारल्यासारखा दिसतो.

आणि चार्टला जे दिसतच नाही त्याचं उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियाची बॉस एनर्जी. जुलै २०२५ मध्ये कंपनीने हनीमून खाणीच्या पुढच्या उत्पादनाबद्दल शंका बोलून दाखवली आणि शेअर एका दिवसात सुमारे ४० टक्के पडला. स्टॉप लॉस, म्हणजे ठरावीक भावाला आपोआप विकण्याची ऑर्डर, लावलेला असता तरी सौदा भावाच्या उडीच्या, म्हणजे गॅपच्या, खालीच झाला असता. सिडनीचा बाजार आपल्या पहाटे उघडतो, टोरांटो आणि न्यूयॉर्क उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ला, हिवाळ्यात ८ ला. तोवर बातमी जुनी झालेली असते.

म्हणून मी स्टॉपपेक्षा आकारावर भर देतो. उदाहरणाला भांडवल १० लाख धरा, एका सौद्यात जास्तीत जास्त एक टक्का, म्हणजे १०,००० रुपये गमवायची तयारी. शेअर २० डॉलरचा, आठवड्याची सरासरी चढउतार २ डॉलर. स्टॉप त्याच्या दुप्पट, ४ डॉलर खाली. डॉलर ९० रुपये धरला तर शेअरमागे जोखीम ३६० रुपये. दहा हजाराला ३६० ने भागा, २७ शेअर. एकूण रक्कम ४८,६०० रुपये, भांडवलाच्या पाच टक्क्यांहून कमी. आकडा हास्यास्पद लहान वाटतो ना? बॉससारखा ४० टक्क्यांचा गॅप आला तर या पोझिशनचे साडेएकोणीस हजार जातात, म्हणजे ठरवलेल्याच्या दुप्पट. तो धक्का भांडवलाला सोसतो. तीन लाखांची पोझिशन असती तर एक लाख वीस हजार एका सकाळीत गेले असते.

भारतातून खेळणाऱ्यांसाठी थोडं. आपल्याकडे युरेनियम काढते ती यूसीआयएल, जादुगोडा, तुरामडीह, तुम्मलपल्ले वगैरे ठिकाणी, आणि ती सरकारी कंपनी शेअर बाजारात नाही. एनएसईवर ‘न्यूक्लिअर शेअर’ म्हणून जे फिरवले जातात, लार्सन, वालचंदनगर, एमटार, ते यंत्रसामग्री बनवणारे आहेत. यलोकेक १०० डॉलर झालं काय किंवा ४० झालं काय, त्यांच्या ऑर्डरबुकला फरक पडत नाही. बाहेर पैसे पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, १० लाख रुपयांच्या पुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच कापला जाणारा कर. तो कर परत मिळतो, पण तोवर अडकून पडतो. या मार्गाने मार्जिनवर व्यवहार करायला परवानगी नाही. नफ्यावर २४ महिन्यांनंतर १२.५ टक्के, आधी विकलं तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. म्हणजे दर दोन महिन्यांनी सरासरी तुटली म्हणून विकणाऱ्याचा बराचसा फायदा कर, चलनबदल आणि दलालीतच जातो, हे ग्रुपातला पहिला गट सांगत नाही. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरावंच लागतं, विक्री केली नसली तरी, आणि ते आर्थिक वर्षाप्रमाणे नाही, जानेवारी ते डिसेंबरचं. आणखी एक, अमेरिकेत नोंदलेल्या ईटीएफमध्ये ६०,००० डॉलरहून जास्त असतील तर मृत्यूनंतर तिथला वारसाकर वारसांच्या मागे लागू शकतो. कॅमेको न्यूयॉर्कमध्ये विकत घेतला तरी कंपनी कॅनडाची असल्याने तो या हिशेबात धरला जात नाही.

आता तुमच्या तीन शेअरांचं. कॅमेकोसाठी ४० आठवड्यांची अट आणि महिनाअखेरचा करार भाव, दोन्ही एकत्र बघा. फक्त भाव तुटला आणि करार भाव टिकून असेल, तर निम्मा कमी करा, सगळा नाही. दोन्ही मोडले तर बाहेर. पडल्यावर आणखी घ्यायचं असेल तर रक्कम आजच ठरवून तीन भाग करा, आणि प्रत्येक भागाला भावाबरोबर एक कारणही लिहा: अहवालातल्या तक्त्याप्रमाणे मिळकत वाढतेय, करार भाव चढतोय, खाणीचा अंदाज कायम आहे. कारण न लिहिता आलं तर तो भाग खर्च करायचा नाही. दोन लहान कंपन्यांत केवळ स्वस्त झालं म्हणून एक रुपयाही घालू नका. त्यांच्या शेवटच्या तिमाही अहवालात हातातली रोकड बघा आणि तिमाहीच्या खर्चाने भागा. उत्तर चारपेक्षा कमी आलं तर वर्षाच्या आत नवे शेअर निघणार, तेही बहुधा आजच्या भावाच्या खालीच, आणि तुम्हाला हवे असतील तर ते तेव्हा घेता येतील.